वापरलेली लेन्स घेताना: बाजारभाव मॉडेलचा, पैसे हातातल्या नगाचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅमेरा निकॉन डी५६००, सोबत आलेली १८-५५ मिमी किट लेन्स. फोटो मुख्यतः घरातले: लहान मुलं, घरगुती समारंभ, कधीतरी प्रवास. समोर तीन पर्याय आहेत (मिमीचा आकडा जितका मोठा तितकी लेन्स लांबचं जवळ आणते; 'एफ/' नंतरचा आकडा जितका लहान तितका ती जास्त प्रकाश आत घेते): वापरलेली निकॉन ५० मिमी एफ/१.४डी, वापरलेली टॅमरॉन १७-५० मिमी एफ/२.८ आणि निकॉनचीच ३५ मिमी एफ/१.८जी डीएक्स, नवी किंवा वापरलेली. यातली कोणती घ्यावी? विकणारा सांगतो तो भाव रास्त आहे हे कसं ओळखावं? आणि "लेन्सवर घातलेला पैसा म्हणजे गुंतवणूक" हे कितपत खरं?

निर्णय आधी सांगतो, कारणं मागाहून. या कॅमेऱ्यासाठी ५० मिमी एफ/१.४डी घेऊ नका. उरलेल्या दोघींपैकी कोणती, हे तुमचे स्वतःचे जुने फोटो सांगतील. पण घरात पळणारी मुलं हाच मुख्य विषय असेल तर माझं मत ३५ मिमीला. भावाबद्दल एकच गोष्ट पक्की धरा. जाहिरातींत आणि चर्चांत फिरणारा भाव मॉडेलचा असतो, तुम्ही घेता तो एक विशिष्ट नग. एकाच मॉडेलचे दोन नग एकाच दिवशी बाजारात असतात आणि त्यातला एक दुसऱ्याच्या निम्म्या किमतीचाही नसतो. हा फरक फोटोतल्या चकचकीत बाह्यांगावरून कळत नाही, तपासल्यावरच कळतो.

आता ५० मिमी का नको ते. डी५६०० च्या बॉडीत ऑटोफोकसची मोटर नाही. निकॉनच्या 'डी' प्रकारच्या बहुतेक लेन्समध्येही मोटर नसते. त्या बॉडीतल्या मोटरवर चालतात. लेन्स उलटी करून धातूचा माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडली जाणारी बाजू, पाहा. त्यावर पेचकसाचं टोक बसेल अशी बारीक खाच दिसेल. ज्या बॉडीत मोटर असते तिच्यातून एक छोटी दांडी पुढे येते, या खाचेत बसते आणि ती फिरवून फोकस करते. डी३००० आणि डी५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांत ही दांडीच नाही. लेन्स बसेल, मीटरिंग चालेल, फोटोही निघेल, पण फोकस हातानेच करावा लागेल. व्ह्यूफाइंडरमधला फोकसचा ठिपका थोडी मदत करतो. तरीही हिशेब करून पाहा: ५० मिमी, एफ/१.४, समोरचा माणूस दोन मीटरवर, तर स्पष्ट दिसणारा पट्टा पुढे-मागे मिळून जेमतेम नऊ सेंटीमीटरचा. शांत बसलेल्या आजोबांवर हाताने फोकस जमेल. पाच वर्षांच्या मुलावर हातात येणारे फोटो मोजकेच असतील. ज्या एफ/१.४ साठी तुम्ही जास्त पैसे मोजताय ते एफ/१.४ तुम्हाला वापरताच येणार नाही.

याच लेन्सच्या संदर्भात एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती भावातही उतरते. डी लेन्सला अ‍ॅपर्चरचं कडं असतं आणि आधुनिक बॉडीवर ते सर्वांत लहान अ‍ॅपर्चरवर, म्हणजे या लेन्सच्या बाबतीत एफ/१६ वर, ठेवून लॉक करावं लागतं. ते हललं की कॅमेऱ्याच्या पडद्यावर 'एफईई' अशी खूण येते आणि शटर पडत नाही. अनेकांना वाटतं लेन्स बिघडली, आणि ते ती 'दुरुस्तीलायक' म्हणून स्वस्तात काढतात. ज्याच्याकडे मोटर असलेली बॉडी आहे त्याने अशा जाहिरातीकडे दुर्लक्ष करू नये.

मूळ प्रश्नाकडे येतो. लेन्स निवडताना लोक समीक्षा वाचण्यात आठवडे घालवतात आणि स्वतःच्या संगणकातला पुरावा उघडूनही पाहत नाहीत. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये फोकल लेंथ, अ‍ॅपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) नोंदलेला असतो. मागच्या वर्षभरातले तुम्हाला आवडलेले फोटो वेगळे काढा, फोकल लेंथनुसार गट करा. बहुतेक फोटो १८ ते २४ च्या आसपास असतील तर तुम्ही खोलीत मागे सरकायला जागा नसलेले छायाचित्रकार आहात आणि ३५ मिमी तुम्हाला अडचणीची वाटेल. ३० ते ४० मध्ये दाटी असेल तर प्रश्न मिटला. सगळे ५५ ला टेकलेले असतील तर तुम्हाला आणखी लांबची लेन्स हवी आहे आणि या तिन्ही पर्यायांचा विचार पुन्हा करायला हवा.

फोकल लेंथचा अंदाज बांधायला एक सोपं गणित आहे. समोरचं अंतर गुणिले सेन्सरची रुंदी, भागिले फोकल लेंथ. येतो तो फ्रेममध्ये मावणारा आडवा पट्टा. डी५६०० च्या सेन्सरची रुंदी २३.५ मिमी. माणूस तीन मीटरवर असेल तर १७ मिमीला सव्वाचार मीटरच्या जरा आत रुंदी मावते, ३५ ला दोन मीटर, ५० ला एक मीटर चाळीस सेंटीमीटर. खोलीत टेप घेऊन हे एकदा मोजून पाहा. तीन माणसं शेजारी बसली की ५० मिमी का घुसमटते हे कोणत्याही लेखापेक्षा लवकर समजतं. '५० मिमी म्हणजे नॉर्मल लेन्स' हे म्हणणं ३६ मिमी रुंद फिल्मच्या, म्हणजे आजच्या फुल फ्रेमच्या मापाच्या, काळातलं. तुमच्या कॅमेऱ्यातल्या लहान, म्हणजे एपीएस-सी (निकॉनचं नाव डीएक्स), सेन्सरवर त्या जागी ३५ मिमी येते.

मग प्रकाश. तुमची किट लेन्स ३५ मिमीच्या आसपास एफ/४.५ च्या जवळपासच उघडते. एफ/१.८ तिच्यापेक्षा सव्वासहा पट प्रकाश आत घेते. घरातल्या दिव्यांत जो फोटो आयएसओ ६४०० वर काढावा लागत होता तो त्याच शटर स्पीडला आयएसओ १००० वर निघतो. हा फरक कोणालाही डोळ्यांनी दिसतो. एफ/२.८ हा फायदा अडीच पटींच्या थोडा वर देते. तोही चांगला, पण घरातल्या संध्याकाळी पुरेलच असं नाही. किट लेन्समध्ये कंपन रोखणारी यंत्रणा आहे ना, मग काय अडचण, असं विचारलं जातं. ती यंत्रणा तुमचा हात स्थिर करते, मूल स्थिर करत नाही. हलणाऱ्या मुलाला १/१२५ सेकंद किंवा त्याहून जलद शटर लागतो आणि तिथे मोठं अ‍ॅपर्चर किंवा फ्लॅश, एवढेच मार्ग उरतात.

३५ मिमी एफ/१.८जी मध्ये मोटर लेन्सच्या आतच आहे, म्हणून तुमच्या बॉडीवर ऑटोफोकस पूर्ण चालतो. दोषही सांगतो. एफ/१.८ वर उजळ कडांना, विशेषतः फोकसच्या पुढे-मागे, जांभळी-हिरवी झाक येते. फ्रेमच्या कोपऱ्यांत दिसणारी रंगांची सरक सॉफ्टवेअर एका टिचकीत काढतं. ही झाक तशी निघत नाही. एफ/२.८ पर्यंत छिद्र लहान केलं की ती बरीच कमी होते. पांढऱ्या लेसचे कपडे आणि चमकणारे दागिने असलेल्या फोटोंत हे ध्यानात ठेवा.

टॅमरॉन १७-५० बद्दल विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा: कोणती आवृत्ती? निकॉन माउंटसाठी ही लेन्स तीन प्रकारांत निघाली. सर्वांत पहिलीत मोटर नाही, म्हणजे तुमच्याकडे तिची गत ५० मिमीसारखीच. नंतरचीत मोटर आली. तिसरीत मोटरसोबत कंपनरोधही आला, त्याला टॅमरॉन 'व्हीसी' म्हणते. जाहिरातीत बहुधा नुसतं '१७-५० एफ/२.८' लिहिलेलं असतं आणि भाव तिसरीचा लावलेला असतो. लेन्सवरचा मजकूर आणि माउंट यांचा स्पष्ट फोटो मागवा. माउंटवर खाच दिसली की ती पहिली. समारंभात एकाच लेन्सने सगळं निभवायचं असेल तर या लेन्सला तोड नाही. फक्त आवृत्ती बरोबर हवी.

तीक्ष्णतेबद्दल मी मुद्दाम कमी लिहितो आहे. एफ/५.६ ते एफ/८ या पट्ट्यात जवळजवळ सगळ्याच बऱ्या लेन्स चांगल्या असतात. तुमच्या २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा आहे, आणि एफ/११ च्या पुढे प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना तो पसरल्यामुळे, महागातली महाग लेन्सही मऊ होऊ लागते. लेन्सचा पैसा दिसतो तो पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला आणि कोपऱ्यांत. कंपन्या लेन्सची तीक्ष्णता दाखवणारे जे एमटीएफ आलेख छापतात त्यांतले बरेचसे गणिताने काढलेले असतात, तयार झालेली लेन्स मोजून नव्हे. ते आराखड्याचा दर्जा सांगतात. कारखान्यातून बाहेर पडून, दोन मालकांच्या हातून गेलेल्या आणि कदाचित एकदा पडलेल्या लेन्सबद्दल ते काहीच सांगू शकत नाहीत.

तपासणी नीट सांगतो, कारण किंमत इथेच ठरते.

दोन्ही झाकणं काढा आणि अ‍ॅपर्चरच्या पात्या पूर्ण उघडा. डी लेन्सला कडं फिरवून उघडता येतात. 'जी' प्रकारची (कडं नसलेली) लेन्स कॅमेऱ्यावर नसताना तिच्या पात्या मिटलेल्या असतात. माउंटच्या आतल्या कडेला एक छोटी तरफ आहे, ती बोटाने अलगद सरकवली की पात्या उघडतात. हे न करता टॉर्च मारणारे लोक लेन्सचा फक्त मधला ठिपका पाहतात आणि 'काच स्वच्छ आहे' म्हणतात. आता खोलीतले दिवे कमी करा, मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरपा धरा आणि पुढून आत पाहा. मग उलट करा. टॉर्च हळूहळू फिरवत राहा, काही दोष एका विशिष्ट कोनातच उजळतात.

सुटे ठिपके दिसले तर ती धूळ. प्रत्येक वापरलेल्या लेन्समध्ये ती असते, बऱ्याच नव्यांतही असते. फोटोवर तिचा परिणाम होत नाही आणि तिच्यासाठी भाव पाडून मागणंही बरोबर नाही. फांद्या फुटलेले बारीक धागे, बहुतेक वेळा भिंगाच्या कडेपासून आत सरकणारे, दिसले तर ती बुरशी. पूर्ण भिंगभर दुधासारखा पातळ पडदा दिसला तर ते बाष्प किंवा वंगणाचा थर. प्रकाशाकडे तोंड करून काढलेल्या फोटोंचा कॉन्ट्रास्ट तो खाऊन टाकतो, आणि साध्या प्रकाशात पाहिलं तर तो दिसतही नाही. कडेला तेलाच्या तवंगासारखी रंगीत चमक दिसली तर एकमेकांना चिकटवलेली दोन भिंगं सुटत चालली आहेत. त्या लेन्सला हात लावू नका.

बुरशीबद्दल थोडं अधिक. दमट, अंधाऱ्या, हवा न खेळणाऱ्या जागेत ती वाढते. बाहेरच्या भिंगांवर नुकती आलेली बुरशी कारागीर साफ करू शकतो. पण ती जुनी असेल तर तिच्यातून निघणारं आम्ल कोटिंग खातं. साफ केल्यावरही धाग्यांचा ठसा काचेवर राहतो. चिकटवलेल्या भिंगांच्या मध्ये शिरली असेल तर साफ करण्याचा प्रश्नच नाही. 'थोडी आहे, फोटोत येत नाही' हे विकणाऱ्याचं वाक्य त्या दिवशी खरंही असतं. तरी स्वस्त प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सच्या बाबतीत माझा नियम सरळ आहे: बुरशी दिसली की सौदा संपला, कारण साफसफाईचा खर्च आणि लेन्सची किंमत यांत फारसं अंतर उरत नाही. मोठी, महाग टेलिफोटो असेल, बुरशी पुढच्याच भिंगावर असेल आणि ओळखीचा कारागीर असेल, तर दुरुस्तीचा पूर्ण खर्च वजा करून बोलणी करता येतात.

ओरखड्यांत पुढच्या आणि मागच्या भिंगात फरक करा. पुढच्या भिंगावरचा एखादा ओरखडा फोटोत जवळजवळ कधीच उमटत नाही, पण लोकांना तो खटकतो म्हणून भाव चांगला उतरतो. स्वतः वापरायला घेणाऱ्यासाठी ही उत्तम संधी असते. मागचं भिंग सेन्सरच्या जवळ असतं. तिथला ओरखडा लहान अ‍ॅपर्चरला दिसू शकतो. ती लेन्स सोडा.

मग यंत्रणा. 'जी' लेन्सची ती तरफ सरकवून एकदम सोडा. पात्या चटकन मिटायला हव्यात. आळसावून मिटत असतील किंवा पात्यांवर ओलसर चमक असेल तर तेल उतरलं आहे. असे फोटो ठरवल्यापेक्षा उजळ येतात आणि प्रत्येक वेळी वेगवेगळे उजळ येतात. कॅमेऱ्यावर लावून जवळच्या वस्तूपासून दूरच्या वस्तूपर्यंत फोकस बऱ्याचदा पळवा. अडखळणं, कर्कश आवाज, एकाच ठिकाणी मागेपुढे चाचपडणं ही मोटर थकल्याची लक्षणं. फिल्टर बसतो त्या कड्यावर पोचा असेल तर लेन्स पडलेली आहे. स्क्रूंची तोंडं झिजलेली असतील तर ती कोणीतरी उघडली आहे. उघडणं वाईट नाही. उघडून परत बसवताना भिंगं नेमक्या जागी बसली का, हा प्रश्न आहे.

त्याची परीक्षा अशी. कॅमेरा ट्रायपॉडवर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, समोर दूरवरची बारीक तपशील असलेली एखादी गोष्ट: इमारतीवरचा फलक, खिडकीची जाळी, काहीही. लाइव्ह व्ह्यू मोठा करून तीच वस्तू आधी वरच्या डाव्या कोपऱ्यात आणा, तिथे फोकस करा, फोटो घ्या. मग कॅमेरा फिरवून तीच वस्तू उजव्या कोपऱ्यात, मग खालच्या दोन्ही कोपऱ्यांत. दर वेळी नव्याने फोकस. चारही फोटोंतला तोच तुकडा शेजारी शेजारी ठेवा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो आराखड्याचा गुण आहे, तसाच तो प्रत्येक नगात असणार. एक बाजू स्पष्ट आणि दुसरी पुसट असेल तर आतलं भिंग सरकलं किंवा तिरकं झालं आहे, त्याला डिसेंटरिंग म्हणतात. भिंतीचा एकच फोटो काढून कोपरे पाहणारे बरेच जण असतात; पण कॅमेरा भिंतीशी अगदी समांतर नसला तरी तसंच दिसतं आणि चांगली लेन्स उगाच बदनाम होते. दूरच्या एकाच वस्तूवर ही पद्धत वापरली की तो गोंधळ राहत नाही.

शेवटची परीक्षा खास तुमच्या कॅमेऱ्यासाठी. डीएसएलआरमध्ये, म्हणजे तुमच्यासारख्या आरशाच्या कॅमेऱ्यात, व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना वेगळा सेन्सर काम करतो; लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो. ट्रायपॉडवरून, एफ/१.८ ला, तिरप्या ठेवलेल्या मोजपट्टीचा एकच आकडा धरून दोन्ही पद्धतींनी फोटो घ्या. लाइव्ह व्ह्यूमधला नेमका आणि व्ह्यूफाइंडरमधला कायम पुढे किंवा कायम मागे असेल तर ही लेन्स आणि तुमची बॉडी यांचं जमत नाही. काही बॉडींमध्ये हा फरक मेनूतून दुरुस्त करता येतो. डी५६०० मध्ये ती सोय नाही. दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर हीच लेन्स निर्दोष चालू शकते. म्हणून लेन्स स्वतःच्या बॉडीवरच तपासा, विकणाऱ्याच्या नव्हे. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जात असल्याने ही भानगड उरत नाही.

आता भाव. मागितलेल्या किमती पाहू नका, झालेल्या सौद्यांच्या किमती पाहा. ज्या जाहिरातीचा भाव जास्त असतो तीच महिनोन्‌महिने टिकते, म्हणून चालू जाहिरातींची सरासरी नेहमी फुगलेली दिसते. मग दोन कुंपणं घाला. वरचं कुंपण म्हणजे तीच लेन्स वॉरंटीसह नवी किंवा दुकानाने तपासून, परताव्याच्या हमीसह विकलेली. अनोळखी माणसाकडून, हमीशिवाय घेताना मी नव्या किमतीच्या दोन तृतीयांशांवर सहसा जात नाही. त्याहून थोडे जास्त देऊन दुकानाची हमी मिळत असेल तर तीच घ्यावी. खालचं कुंपण म्हणजे दुकानदार हीच लेन्स विकणाऱ्याकडून ज्या भावाला उचलेल तो. तुमचा सौदा या दोहोंच्या मध्ये. हूड, दोन्ही झाकणं, बिल आणि खोकं असेल तर वरच्या बाजूला सरका. मोठी लेन्स असेल तर ट्रायपॉडचं कडं आहे का पाहा, सुटं घ्यायला गेलं तर ते अनपेक्षित महाग पडतं. भाव फारच खाली असेल तर अनुक्रमांक विचारा आणि तो बिलाशी जुळतो का ते पाहा.

भावातला एक भाग असा आहे ज्याचा त्या नगाशी काही संबंध नसतो: माउंटचं भवितव्य. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा. २०१८ मध्ये निकॉनने झेड माउंट आणला आणि त्याच वर्षी कॅननने आरएफ. तेव्हापासून मिररलेसकडे गेलेल्यांच्या एफ आणि कॅननच्या जुन्या ईएफ माउंटच्या लेन्स मोठ्या संख्येने बाजारात आल्या आहेत. घेणाऱ्याची चंगळ आहे, पण पुढे विकताना तोच भाव येईल असं समजू नका. अशा वेळी विचारायचा प्रश्न एकच: ही लेन्स अडॅप्टरवरून पुढच्या माउंटवर जाते का, आणि जाऊन ऑटोफोकस करते का? निकॉनच्या एफटीझेड (एफ लेन्स झेड बॉडीला जोडणाऱ्या) अडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नाही. म्हणजे ३५ मिमी एफ/१.८जी झेड बॉडीवर ऑटोफोकससह चालते आणि ५० मिमी एफ/१.४डी तिथेही हातानेच. जुन्या टॅमरॉन-सिग्मा त्या अडॅप्टरवर कशा वागतात हे नगागणिक तपासावं लागतं. फुल फ्रेम झेड बॉडीवर डीएक्स लेन्स लावली तर कॅमेरा सेन्सरचा मधला भागच वापरतो, हेही हिशेबात धरा.

अडॅप्टर होणं न होणं हे शेवटी मिलिमीटरांचं प्रकरण आहे. माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर एफ मध्ये ४६.५ मिमी, ईएफ मध्ये ४४, आरएफ मध्ये २०, झेड मध्ये १६. मोठ्या अंतराची लेन्स छोट्या अंतराच्या बॉडीवर मधे नळी घालून बसते. उलटं जमत नाही. कॅननचा ईएफ-एम माउंट १८ मिमीचा, म्हणून त्या लेन्स २० मिमीच्या आरएफवर नेता येत नाहीत. चांगल्या भिंगांच्या त्या लेन्स स्वस्त मिळतात त्याचं मोठं कारण हेच. त्या माउंटची बॉडी आधीच असेल आणि तीच वापरत राहायची असेल तर जरूर घ्या.

याच गणितामुळे जुन्या, पेचासारख्या फिरवून बसणाऱ्या एम४२ माउंटच्या लेन्सचा मोह तुमच्या कॅमेऱ्यावर तरी टाळा. एम४२ चं अंतर ४५.४६ मिमी, एफपेक्षा कमी. मधे सुधारक काच न घालता अनंतावर फोकस होणार नाही, आणि ती काच घातली की जुन्या लेन्सची मजाच जाते. मिररलेसवर मात्र या लेन्स सुखाने चालतात. जुन्या सोव्हिएत हेलिओस ४४-२ ची गरगरीत पार्श्वभूमी लोकांना आवडू लागली आणि एकेकाळी कॅमेऱ्यासोबत येणारी ही ५८ मिमी एफ/२ लेन्स आता वेगळी शोधून घेतली जाते. पेंटॅक्सच्या सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या एका आवृत्तीत थोरियमयुक्त काच आहे. वर्षांनुवर्षं पडून राहिल्यावर ती चहासारखी पिवळी होते. अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवल्यावर हा पिवळेपणा बराच उतरतो, म्हणून पिवळी पाहून 'खराब' म्हणणाऱ्याकडून ती जरूर घ्यावी. असल्या पूर्ण यांत्रिक लेन्सचा एक मोठा गुण भावात पुरेसा धरला जात नाही असं मला वाटतं: त्यांच्यात बिघडण्यासारखी इलेक्ट्रॉनिक्स नाही. नव्या मिररलेस लेन्समध्ये बहुधा फोकसचं कडंही तारेवाटे मोटरला आदेश देतं. मोटर गेली आणि सुटा भाग मिळाला नाही की हातानेही फोकस होत नाही.

म्हणून 'गुंतवणूक' या म्हणण्याशी मी सहमत नाही. वापरलेली लेन्स बॉडीपेक्षा भाव धरून ठेवते, एवढं खरं. पण काही दुर्मीळ लेन्स सोडल्या तर भाव वाढत नाही. तो सावकाश उतरतो आणि नवा माउंट आला की एकदम उतरतो. घेतली तो भाव वजा विकताना येणारा भाव, हा त्या लेन्सचा खरा खर्च. वापरलेली, चांगल्या अवस्थेतली ३५ मिमी एफ/१.८जी दोन वर्षं वापरून विकली तर हा खर्च फार थोडा निघतो, कारण नवेपणाची मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि तुमच्यासारखी गरज असलेले घेणारे कायम असतात. नवी घेतली तर ती घट तुमच्या माथी. म्हणून या लेन्सच्या बाबतीत वापरलेलीच घ्या आणि वाचलेल्या पैशांत एक साधा, छताकडे वळवता येणारा फ्लॅश बघा. समारंभात तो एफ/१.४ पेक्षा जास्त कामाला येईल.

जुने फोटो पाहिल्यावर बहुतेक १८ ते २४ मध्ये निघाले तर मोटर असलेली टॅमरॉन, शक्य तर व्हीसी. सौदा ठरवताना दोन दिवसांची परत करण्याची मुभा मागा. नग चांगला असेल तर विकणारा सहसा नाही म्हणत नाही. घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी कोपऱ्यांची आणि मोजपट्टीची परीक्षा करून टाका, म्हणजे मुभा संपण्याआधी उत्तर हातात असेल. नंतर ठेवताना लेन्स चामड्याच्या बंद पिशवीत ठेवू नका. हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकासह ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहू द्या, आणि सिलिका जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरा.